आयआरक्यू ५ कोणाचा? जुनं साउंड कार्ड बोलतं करताना

गेम सुरू झाला, संगीत वाजायला लागलं, पण पडद्यावरचा माणूस नुसतेच ओठ हलवत होता. ना बोलणं, ना तलवारीचा खणखणाट. बाबांनी १९९६ साली लॅमिंग्टन रोडवरून जोडून घेतलेला पेंटियम मी २०२१ च्या लॉकडाउनमध्ये पोटमाळ्यावरून उतरवला. त्यानंतरचे तीन रविवार मी ड्रायव्हर बदलण्यात घालवले आणि ते पाण्यात गेले. ड्रायव्हर पहिल्यापासून ठीक होता. फायली उतरवायला मीच बसवलेल्या नेटवर्क कार्डाने साउंड कार्डाची जागा, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची आयआरक्यू ५ नावाची घंटी, बळकावली होती. तुमचे रविवार वाचावेत म्हणून हे लिहितो आहे.

हा लेख मुख्यतः आयसा स्लॉटच्या (मदरबोर्डवरच्या जुन्या, लांब खाचेच्या) कार्डांबद्दल आहे, म्हणजे साउंड ब्लास्टर १६, एडब्ल्यूई ३२ आणि ६४, ईएसएस, यामाहा वगैरे. पीसीआय, म्हणजे त्यानंतरच्या आखूड स्लॉटच्या कार्डांवर शेवटी थोडंसं. कमांडही मी देवनागरीत, उच्चारल्यासारख्या लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे वापरा.

आधी जमवाजमव

- फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर, शक्यतो चुंबकी टोक नसलेला
- पांढरं खोडरबर, मऊ ब्रश, आयसोप्रोपिल अल्कोहोल
- सीआर२०३२ सेल. जुना सेल बहुतेक मेलेला असतो
- जंपरच्या, म्हणजे कार्डावरच्या पिना जोडून त्याचे आकडे ठरवणाऱ्या दोन-चार काळ्या टोप्या. त्या हटकून पलंगाखाली जातात
- चिमटा, बॅटरी (टॉर्च) आणि मोबाइल (कार्डाचे फोटो काढायला)
- मदरबोर्डचं आणि कार्डाचं मॅन्युअल. कागदी नसलं तरी बोर्डावरचा मॉडेल नंबर शोधल्यावर बऱ्याचदा पीडीएफ सापडतं
- डॉसची (विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची) बूट फ्लॉपी किंवा विंडोज ९८ ची स्टार्टअप डिस्क
- स्वतःचा ॲम्प्लिफायर असलेले स्पीकर
- कोरा कागद आणि पेन्सिल. हे गमतीने लिहिलेलं नाही, चौथ्या पायरीला कळेल

कार्डच नसेल तर ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेकडे उतरून लॅमिंग्टन रोडला जा. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी विचारताना कोणी ते नाव घेत नाही. झगमगीत दुकानांत आयसा कार्ड मागितलंत तर पोरं तुमच्याकडे बघत राहतील. आतल्या गल्ल्यांतल्या दुरुस्तीवाल्या काकांना विचारा. चोरबाजारातही मिळतात, पण तिथे परत घेण्याची भाषा नाही. घेताना तीन गोष्टी पाहा: सोनेरी दाते खरवडलेले नाहीत ना, कपॅसिटर फुगलेले किंवा मोडलेले नाहीत ना, आणि मागची पत्र्याची पट्टी जागेवर आहे ना. पट्टीशिवाय कार्ड स्लॉटमध्ये तिरकं बसतं. एका दुकानात मला ‘चालू आहे, साहेब’ म्हणून दिलेल्या कार्डावरचा एक अख्खा रेझिस्टर गायब होता. घरी येऊन भिंग लावल्यावर दिसलं.

१. कार्ड ओळखा

डब्यावर काय लिहिलंय ते सोडा. कार्डावरची सगळ्यात मोठी चिप आणि हिरव्या पाटीवरचा छापील नंबर वाचा. साउंड ब्लास्टर बनवणाऱ्या क्रिएटिव्हच्या कार्डांवर तो ‘सीटी’ने सुरू होतो. उदाहरणार्थ सीटी२२३० हे जंपरवालं साउंड ब्लास्टर १६ आहे, तर सीटी४५२० हे प्लग अँड प्ले एडब्ल्यूई ६४. ईएसएस १८६८ किंवा यामाहा ७१९ असं काही दिसलं तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ही कार्डं साउंड ब्लास्टर प्रोची नक्कल करतात, १६ ची नाही. गेमच्या सेटअपमध्ये १६ निवडलंत तर आवाज येणार नाही आणि दोष तुम्ही कार्डाला द्याल.

मग ठरवा, कार्ड जंपरचं आहे की प्लग अँड प्ले, म्हणजे सगळे आकडे प्रोग्रॅमने ठरणारं. पिनांच्या ओळी, त्यावर काळ्या टोप्या आणि शेजारी आयआरक्यू किंवा पत्त्याचे आकडे छापलेले असतील तर जंपरचं. मधली जातही असते: पत्ता जंपरने, बाकीचे आकडे प्रोग्रॅमने. दोन्ही बाजूंचे फोटो आत्ताच काढून ठेवा. कार्ड एकदा आत बसलं की तो बारीक टाइप वाचता येत नाही.

२. साफसफाई, आणि विजेची एक धोक्याची सूचना

मुंबईची हवा खारट आणि पावसाळा चार महिन्यांचा. पोटमाळ्यावर राहिलेल्या कार्डाच्या दात्यांवर काळपट थर हमखास असतो, कधी हिरवट बुरशीसारखा गंजही. खोडरबर दात्यांच्या लांबीच्या दिशेने हलक्या हाताने फिरवा, कचरा ब्रशने झाडा, मग अल्कोहोलचा बोळा. स्लॉटमध्ये अल्कोहोल लावून कार्ड दोन-तीनदा आत-बाहेर करा. ‘कार्ड सापडत नाही’ या माझ्याकडे आलेल्या तक्रारींपैकी निम्म्या इथेच संपल्या.

आता वीज. जुन्या एटी कॅबिनेटचं पुढचं बटण हे खरं मेन्सचं बटण असतं. २३० व्होल्टच्या तारा पॉवर सप्लायपासून थेट पुढच्या पॅनेलपर्यंत आलेल्या असतात. बटण बंद आहे म्हणजे सगळं सुरक्षित असं समजून आत हात घालू नका. प्लग भिंतीतून काढा, दर वेळी. सप्लायच्या मागे लाल सरकता स्विच असेल तर तो २३० वर आहे याची खात्री करा. ११५ वर असताना चालू केलंत तर मोठा आवाज येईल, पण साउंड कार्डाचा नव्हे.

३. चार आकडे समजून घ्या

कार्डाला बोलायला चार गोष्टी लागतात.

पत्ता, म्हणजे प्रोसेसर कार्डाला ज्या दारावर हाक मारतो ते दार. बहुतेकांचं २२०, नाहीतर २४०, २६०, २८०. हे आकडे हेक्समधले आहेत, पण त्याने तुमचं काही अडत नाही.

आयआरक्यू, म्हणजे कार्ड प्रोसेसरला ‘माझं झालं, पुढचं दे’ म्हणून वाजवतं ती घंटी. साउंड ब्लास्टर १६ ला २, ५, ७ किंवा १० चालतात. त्यातला २ हा प्रत्यक्षात ९ असतो.

डीएमए, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीतून आवाज उचलायची वाट. ८ बिट आवाजाला ०, १ किंवा ३. १६ बिटला ५, ६ किंवा ७.

चौथा मिडीचा पत्ता, ३३० किंवा ३००. बाहेरचा सिंथेसायझर जोडणार नसाल तर याची चिंता करू नका, फक्त तो कोणाच्या अंगावर जात नाही ना एवढं पाहा.

भांडण बहुतेक वेळा आयआरक्यूवरून होतं. लोकलमध्ये तिघांच्या बाकड्यावर ‘जरा सरका’ म्हटलं की चौथा बसतो. पीसीआय कार्डं तशी आहेत, एका आयआरक्यूवर दोघं-तिघं सामावून घेतात. आयसा कार्ड म्हणजे खिडकी धरून बसलेला तो गृहस्थ, जो कधीच सरकत नाही. त्याची सीट त्याच्या एकट्याची असावी लागते.

४. कागदावर हजेरी घ्या

ही पायरी वगळू नका. मी वगळली होती, त्याचे ते तीन रविवार.

० ते १५ असे सोळा आकडे एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकापुढे मालकाचं नाव. ठरलेले मालक असे: ० घड्याळाचा टायमर, १ कीबोर्ड, २ हा दुसऱ्या कंट्रोलरकडे जाणारा जिना, ३ कॉम२ आणि ४ कॉम१ (दोन सिरियल पोर्ट), ६ फ्लॉपी, ७ प्रिंटर, ८ तारीख-वेळ, १२ पीएस/२ माउस, १३ गणिती कोप्रोसेसर, १४ आणि १५ हार्ड डिस्क व सीडी ड्राइव्हचे दोन आयडीई. उरले ५, ९, १० आणि ११. याच चार सीटांसाठी साउंड, नेटवर्क, मोडेम, स्कझी (डिस्क जोडायचं वेगळं कार्ड) आणि यूएसबी अशी सगळी गर्दी असते.

डीएमएही लिहा. २ फ्लॉपीचा, ४ अंतर्गत जोडणीचा. प्रिंटर पोर्ट ईसीपी या जलद मोडमध्ये असेल तर तोही एक डीएमए घेतो, बहुधा ३, कधी १. हा चोर लवकर लक्षात येत नाही, कारण प्रिंटर जोडलेला नसला तरी पोर्ट आपला वाटा अडवून बसलेलाच असतो.

पत्त्यांमध्ये एक जुनी जोडी भांडकुदळ आहे: एनई२००० जातीचं नेटवर्क कार्ड ३०० वर आणि साउंड कार्डाची मिडीही ३०० वर. मिडी ३३० ला हलवा, प्रश्न मिटतो.

माहिती कुठून मिळवायची? मशीन सुरू होताना बायोस (मदरबोर्डातच असलेला, सगळ्यात आधी चालणारा प्रोग्रॅम) जो तक्ता क्षणभर दाखवतो, तो पॉज बटण दाबून थांबवा. पीसीआय कार्डांना कोणता आयआरक्यू मिळाला ते तिथेच असतं. डॉस ६ मध्ये एमएसडी नावाचा प्रोग्रॅम आहे, पण त्याच्यावर पूर्ण भरवसा नको. तो बऱ्याचदा अंदाज सांगतो.

५. बायोसमध्ये जागा राखून ठेवा

माझा घोळ नेमका इथे होता. जंपरचं कार्ड स्वतःची ओळख सांगत नाही. बायोसला ते दिसतच नाही. त्यामुळे ५ मोकळा आहे असं समजून बायोसने तो पीसीआय नेटवर्क कार्डाला देऊन टाकला. आरक्षण नसलेल्या डब्यात जागा रिकामी दिसली की कोणीही बसणारच.

सुरुवातीला डिलीट दाबून बायोसमध्ये जा. ‘पीएनपी/पीसीआय कॉन्फिगरेशन’ हा मेन्यू उघडा. रिसोर्सेसचं नियंत्रण ऑटोवरून मॅन्युअलवर आणलं की आयआरक्यूंची यादी उघडते. जंपरच्या कार्डासाठी आयआरक्यू ५ पुढे ‘लेगसी आयसा’ निवडा. डीएमए १ आणि ५ पुढेही तेच. कार्ड प्लग अँड प्ले असेल तर मात्र लेगसी करू नका, ‘पीसीआय/आयसा पीएनपी’ राहू द्या. ‘पीएनपी ओएस इन्स्टॉल्ड’ हा पर्याय ‘नो’ ठेवा. मी विंडोज ९८ असतानाही नो ठेवतो आणि मला त्रास झालेला नाही. ‘रिसेट कॉन्फिगरेशन डेटा’ एकदा ‘येस’ करून बाहेर पडा, म्हणजे बायोसच्या जुन्या नोंदी पुसल्या जातात.

त्याच फेरीत न लागणाऱ्या गोष्टी बंद करा. प्रिंटर नसेल तर पॅरलल पोर्ट बंद, नाहीतर ईसीपीऐवजी साधा एसपीपी. कॉम२ बंद केला की ३ सुटतो.

सेल नवा घालायला सांगितला तो यासाठीच. मेलेला सेल असेल तर हे सगळं आरक्षण प्लग काढताच पुसलं जातं आणि ‘काल चालत होतं, आज नाही’ हे रडगाणं सुरू होतं.

६. कार्ड बसवा, एकट्याला

नेटवर्क, मोडेम, टीव्ही ट्यूनर सगळं बाहेर काढा. आत फक्त डिस्प्ले कार्ड आणि साउंड कार्ड. आधी या दोघांत चालू दे, मग एकेक पाहुणा परत आणा. वेळखाऊ वाटतं, पण सगळी कार्डं एकदम घालून कोण कोणाला नडतंय हे शोधणं त्याहून कितीतरी जास्त वेळ खातं.

कार्डावर सीडी ड्राइव्हसाठी आयडीईचा जोड असेल आणि तुमची ड्राइव्ह मदरबोर्डाला लागत असेल, तर कार्डावरचा तो आयडीई जंपरने बंद करा. तो चालू राहिला तर मदरबोर्डच्या दुसऱ्या आयडीईशी १५ वरून भांडू शकतो. गेम पोर्टचंही तसंच. मदरबोर्डासोबतच्या दुसऱ्या एखाद्या कार्डावर जॉयस्टिक पोर्ट असेल तर दोघांपैकी एक बंद हवा.

७. डॉसमध्ये आवाज

ऑटोएक्झेक डॉट बॅट फायलीत ही ओळ हवी:

सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६

ए म्हणजे पत्ता, आय आयआरक्यू, डी ८ बिट डीएमए, एच १६ बिट डीएमए, पी मिडी आणि टी कार्डाची जात. १६ ला टी६, प्रो सारख्यांना टी४. प्रो जातीला एच लागत नाही. ही ओळ कार्डावर काही बसवत नाही, ती फक्त गेमला निरोप देते. कार्ड खरोखर ७ वर असेल आणि ओळीत ५ लिहिलं असेल, तर गेम बिचारा ५ वर वाट बघत बसतो. नव्या लोकांची सगळ्यात मोठी गैरसमजूत हीच.

प्रत्यक्ष आकडे बसवतो तो क्रिएटिव्हचा डायग्नोज प्रोग्रॅम, किंवा प्लग अँड प्ले कार्डासाठी सीटीसीएम. वेगवेगळ्या कंपन्यांच्या प्लग अँड प्ले कार्डांसाठी युनिसाउंड नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आहे. तो ब्लास्टरची ओळ वाचून कार्ड तसं लावतो आणि निघून जातो, मेमरीत ठाण मांडत नाही. ६४० केबीतला एकेक केबी मोजणाऱ्या गेमांसाठी मी तोच वापरतो.

गेमच्या सेटअपमध्ये ऑटोडिटेक्टच्या नादी लागू नका, काही वेळा त्यातच मशीन गोठतं. आकडे हाताने भरा.

८. विंडोज ९८

माय कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिव्हाइस मॅनेजर. पिवळ्या गोलात उद्गारचिन्ह दिसलं तर त्या यंत्रावर डबल क्लिक करून रिसोर्सेस उघडा. ‘ऑटोमॅटिक सेटिंग्ज’ची खूण काढा, मग आकडे बदलता येतात. खालच्या चौकटीत भांडण कोणाशी आहे त्याचं नाव येतं. ‘नो कॉन्फ्लिक्ट्स’ दिसेपर्यंत बदलत राहा. सगळ्यात वरच्या ‘कॉम्प्युटर’ या नावावर डबल क्लिक केलं की आयआरक्यूंची आख्खी यादी मिळते. ती आपल्या कागदाशी ताडून पाहा. ‘आयआरक्यू होल्डर फॉर पीसीआय स्टीअरिंग’ हे नाव एखाद्या आकड्यावर दुसऱ्या कोणाबरोबर दिसलं तर घाबरू नका, ते भांडण नव्हे.

आणखी एक सापळा: विंडोजने कार्ड ७ वर नेलं आणि ऑटोएक्झेकमध्ये ५ राहिलं, की विंडोजमध्ये आवाज येतो पण डॉस गेम मुके. दोन्हीकडे एकच आकडे ठेवा. ‘रिस्टार्ट इन एमएस-डॉस मोड’ने जात असाल तर विंडोज फोल्डरमधली डॉसस्टार्ट डॉट बॅट ही फाइल चालते. तिथेही हेच पाहा.

९. आवाज ऐकून दुखणं ओळखा

हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

*संगीत येतं, बोलणं येत नाही.* माझीच केस. कार्डावरच सूर तयार करणाऱ्या एफएम चिपचं संगीत फक्त पत्त्यावर चालतं, त्याला ना आयआरक्यू लागतो ना डीएमए. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला दोन्ही लागतात. म्हणजे पत्ता बरोबर आहे आणि कार्ड जिवंत आहे. उरलेल्या दोन आकड्यांपैकी एक चुकलाय. ड्रायव्हरला हात लावू नका.

*एकच तुकडा अडकतो,* ‘ग-ग-ग-ग’ असा, मग बऱ्याचदा मशीन गोठतं. हा आयआरक्यूचा दोष. कार्डाने हातातला तुकडा वाजवून संपवला, घंटी वाजवली, पण ती कोणी ऐकलीच नाही. मग डीएमए तोच तुकडा गोल गोल फिरवत राहतो.

*खरखर, किंचाळी, किंवा बोलण्याच्या जागी नुसती शांतता.* डीएमएवर संशय घ्या आणि आधी ईसीपी पोर्ट तपासा. ८ बिट आवाज ठीक आणि फक्त १६ बिटमध्ये घोळ असेल तर वरचा (५, ६, ७ पैकी) डीएमए बदलून पाहा. क्रिएटिव्हच्याच व्हायब्रा १६एक्स चिपची गोष्ट निराळी आहे. ती १६ बिटलाही खालचाच डीएमए वापरते, त्यामुळे तिला ५ देऊन उपयोग नाही, १ आणि ३ द्या.

*‘कार्ड सापडलं नाही’.* पत्ता चुकला, किंवा कार्ड नीट बसलेलं नाही. पुन्हा खोडरबर.

*छपाई सुरू केली की आवाज तुटतो.* दोघं ७ वर आहेत.

*काहीच तक्रार नाही, तरी आवाज नाही.* हसू नका: जुन्या कार्डांच्या मागच्या पट्टीवर आवाजाची छोटी चकती असते. ती शून्यावर असेल. किंवा प्लग माइकच्या भोकात आहे. त्या काळच्या भोकांना रंग नसायचे, फक्त पत्र्यावर कोरलेली चिन्हं. बॅटरी मारून बघा.

*बोलणं येतं, पण सीडीवरचं संगीत नाही.* सीडी ड्राइव्ह आणि साउंड कार्ड यांच्यामधली चार तारांची बारीक ऑडिओ केबल लावायची राहिली आहे.

*माउस हलवला की सूं-सूं.* मिक्सरमधले न वापरलेले माइक, लाइन आणि सीडी इनपुट म्यूट करा. हेडफोनच्या ॲम्प्लिफायरला बायपास करून लाइन आउट देणारा जंपर असेल तर तो वापरा. सलग घूंSS असा आवाज असेल तर मात्र चाळीच्या अर्थिंगकडे बोट दाखवावं लागेल, आणि तिथे वायरमनच हवा.

१०. लिनक्स आणि पीसीआयवाल्यांसाठी

लिनक्समध्ये जंपरच्या १६ साठी आकडे मोड्यूललाच द्यावे लागतात: मोडप्रोब एसएनडी-एसबी१६ आयसापीएनपी=० पोर्ट=०एक्स२२० आयआरक्यू=५ डीएमए८=१ डीएमए१६=५. कोण कुठे बसलंय ते प्रॉक फोल्डरमधल्या इंटरप्ट्स, डीएमए आणि आयओपोर्ट्स या फायलींत दिसतं. खरं सांगायचं तर डॉसच्या कोणत्याही प्रोग्रॅमपेक्षा हजेरी घ्यायला हे बरं.

पीसीआय साउंड कार्ड अडखळत असेल तर आधी नुसता स्लॉट बदला. एजीपीला (डिस्प्ले कार्डाच्या खास स्लॉटला) लागून असलेला पहिला पीसीआय स्लॉट बऱ्याच बोर्डांवर डिस्प्ले कार्डाशी आयआरक्यू वाटून घेतो, तो टाळा. अशी कार्डं डॉसमध्ये साउंड ब्लास्टरचं सोंग घेण्यासाठी मेमरीत बसणारा प्रोग्रॅम वापरतात आणि ते सोंग सगळ्या गेमांना पटत नाही. त्यासाठी आयसाच बरं.

सगळं वाजायला लागलं की चौथ्या पायरीचा तो कागद स्वच्छ लिहून काढा आणि कॅबिनेटच्या झाकणाला आतून लावा. सेलोटेप नको, जूनमध्ये सुटतो. बाबांच्या मशीनमध्येही जोडणाऱ्याने असा कागद लावला होता. मला तो तिसऱ्या रविवारी हार्ड डिस्कच्या खाली पडलेला सापडला. त्यावर निळ्या शाईत एवढंच होतं: साउंड – २२०, ५, १, ५.